आमच्या गिरणीत आता कळणं दळत नाहीत

आज सकाळी कळण्याचं, म्हणजे ज्वारी आणि काळे उडीद एकत्र केलेलं, दळण घेऊन गेले तर गिरणीवाले भाऊ डब्याला हात न लावताच म्हणाले, वहिनी, ज्वारी-उडीद बंद केलं आता, तुमच्या एकट्याच्या पाच किलोसाठी गहू थांबवावा लागतो, मग पुढच्याच्या गव्हात काळं पीठ उतरतं आणि लोक भांडायला येतात. तसाच भरलेला डबा घेऊन परत आले. दुपार झाली तरी डोक्यातून जात नव्हतं.

अहो, हे जळगाव आहे! थंडी पडली की शेताशेतात काड्यांवर वांगी भाजून भरीत पार्ट्या करणारे आपण, आणि त्या भरीतासोबतच्या भाकरीचं पीठ गल्लीत दळून मिळत नाही? 2023 ला भरडधान्य वर्ष म्हणून सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते ना, मग दळणाचे डबे का नाही निघाले घरातून?

दोन वर्षांपूर्वी माझा मुलगा आठ वर्षांचा होता, रोज सकाळी पोट धरून बसायचा. मी त्याला दुधासोबत नागलीची (नाचणीची) बिस्किटं द्यायचे, चांगलं खातोय म्हणून समाधानात होते. एक दिवस सासूबाईंनी, आम्ही त्यांना माय म्हणतो, ते पाकीट माझ्या हातात दिलं. त्यांना वाचता येत नाही. म्हणाल्या, "वाच बरं, काय काय टाकेल शे त्यामा." मी वाचायला लागले. मैदा, साखर, पामतेल, मग कसकसले नंबर, आणि पार खाली नागली. जे जास्त वजनाचं ते आधी लिहितात, हे मला माहीत होतं तरी मी कधी पाकीट उलटं केलं नव्हतं. माय म्हणाल्या, "मंग नागली कोठे शे?" मला उत्तर देता आलं नाही.

त्या दिवसापासून सुरुवात केली. आधी दुकानातलं तयार ज्वारीचं पीठ आणलं तर भाकरी परातीतच फाटायची, मला वाटलं माझा हातच वाईट. माय म्हणाल्या, पिठाची विरी गेली आहे, ताजं दळून आण. ज्वारीला गव्हासारखा चिवटपणा नसतो, पीठ जुनं झालं की कितीही गरम पाणी घाला, ते जुळत नाही. म्हणून आठवड्याला दळण लागतं, म्हणून गिरणी लागते, म्हणून आज एवढी चिडले! चोपड्याहून दादर ज्वारी येते, तापीकाठच्या काळ्या जमिनीतली, नुसत्या ओलीवर पिकलेली. चार किलो दादर, एक किलो सालीचे काळे उडीद, मूठभर खडे मीठ. निवडायचं काम नवऱ्याकडे. मुलगा आधी दूध-गूळ घालून कुस्करून खायचा, आता शेंगदाण्याच्या ठेच्यासोबत दीड भाकरी खातो. पोटदुखी थांबली. भाकरीने थांबली की बिस्किटं गेली म्हणून, ते मला सांगता येणार नाही, पण थांबली.

हो, आपली शेवभाजी आणि तिच्यावरचा तेलाचा तवंग काही तब्येतीचा नाही, मान्य. नवऱ्याची बीपीची गोळीही चालूच आहे आणि डॉक्टर सांगतील तोवर राहणार. नोकरी करून रोज भाकऱ्या थापणं सोपं नाही हेही खरं, मी पण आठवड्यातून दोनदा पोळ्याच करते. पण पाकीट उलटं करायला किती वेळ लागतो हो? "मंग नागली कोठे शे" हे एकदा तरी विचारा ना दुकानात उभं राहून.

संध्याकाळी राग जरा उतरल्यावर परत गिरणीत गेले. भाऊंचं तरी काय चुकलं, दगड साफ करायला वेळ जातो, लाईट बिल त्यांनाच भरायचं आहे, आणि गल्लीत निम्म्या घरांत आता तयार आट्याच्या पिशव्या येतात. ते म्हणाले, वीस किलो एकदम आणा, रविवारी सकाळी पहिलं दळण तुमचंच लावतो, गहू नंतर. माझे पाच आहेत. शेजारच्या काकू पाच म्हणाल्यात. दहा किलो कमी पडतात, ज्यांना कळणं किंवा नुसती दादर दळायची आहे त्यांनी शनिवारी रात्रीपर्यंत सांगा, डबे मी घरी येऊन घेऊन जाईन.