साडेतीस पॉइंट

वायरिंगचं बिल साडेतीस पॉइंटचं आलं. तीस असते तर मुकाट्याने दिले असते, एकतीस असते तरी कुरकुरत दिले असते. डोकं फिरलं ते त्या वरच्या अर्ध्याने, आणि ते अजून पुरतं ठिकाणावर आलेलं नाही.

जुन्या घराची वायरिंग नवी करायची, दर पॉइंटवर, म्हणजे दिवा, पंखा, प्लग अशा प्रत्येक जोडणीमागे, सामान त्याचं. व्यवहार एवढाच. काम झाल्यावर घरभर बोट फिरवून मोजलं. दिवे 9, पंखे 3, बोर्डांवरचे साधे प्लग 8, गिझर आणि मायक्रोवेव्हचे पॉवर प्लग 2, एसी 1, बेल 1. चोवीस. मग वायरमनने कानावरची पेन्सिल काढली आणि तेच घर तोही मोजू लागला.

"दिवे नऊ. पण पॅसेजचा टू-वे आहे, बटणं दोन, म्हणून त्याचे दोन. दहा झाले. पंखे तीन, रेग्युलेटरचा अर्धा-अर्धा वर, साडेचार. बोर्डावरचा प्लग आपण अर्धाच धरतो," इथे थांबून त्याने माझ्याकडे आभाराच्या अपेक्षेने पाहिलं, "आठाचे चार. पॉवर एकाचे दोन, ते चार. एसीचे तीन. बेलचा एक, बाहेरच्या बटणाचा एक. टीव्ही, इंटरनेट, इंटरकॉम, तीन. साडेतीस."

"टीव्हीचा प्लग आठात आलाय की."

"ती लाइट झाली साहेब. पॉइंट वेगळा."

हे असं वाक्य आहे की त्याला उत्तर नाही. समोरचा शब्दकोशच त्याच्या मालकीचा आहे.

तेवढ्यात तळमजल्यावरचे सिग्नलकाका वर आले. भिंतीला झिऱ्या मारल्याची धूळ त्यांच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर बसली होती आणि त्याबद्दल भांडायला ते आले होते. काकांची सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेली. निवृत्तीनंतर खातं सुटलं, पण खात्याचे शब्द सुटले नाहीत. दारातच त्यांच्या कानावर 'पॉइंट' पडलं, त्यांच्या भाषेत गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते तो सांधा, आणि कुरडया गेल्या खड्ड्यात.

"कुठला पॉइंट फेल झालाय?"

"फेल नाही काका. बिलात वाढलेत. साडेतीस लावलेत."

"साडे?" काका खुर्ची ओढून बसले. "अर्धा पॉइंट? अहो, अर्धा पॉइंट म्हणजे काय होतं माहितीये का? गाडी खाली."

वायरमन म्हणाला, "गाडी नाही काका, प्लगचा अर्धा."

"कशाचाही असू दे. पॉइंटला दोनच स्थिती. नॉर्मल नाही तर रिव्हर्स. जीभ, म्हणजे सरकणारा रूळ, या रुळाला चिकटलेली, नाही तर त्या रुळाला. मधे राहिली तर सिग्नल द्यायचाच नाही. त्याला आम्ही अर्धा म्हणत नव्हतो. त्याला चौकशी म्हणायचो."

मग काकांनी माझ्या टीपॉयवर सिग्नल खातं उघडलं. दोन फूटपट्ट्या म्हणजे रूळ, टीव्हीचा रिमोट म्हणजे जीभ. "हे जिभेचं टोक. टोकापासून 150 मिलिमीटर मागे यायचं, आणि रूळ आणि जीभ यांच्यात 5 मिलिमीटरची पट्टी घालायची. आता मोटर फिरवा. पॉइंट लॉक होता कामा नये. झाला तर तो पॉइंट नापास, गाडी सोडायची नाही. पाच मिलिमीटर! आणि हा तुम्हाला अर्धा लावून गेला." पावसाळ्यात लोकल का खोळंबतात, तेही त्यांनी याच रिमोटवर दाखवलं. रुळांत पाणी साचतं, खडी नाही तर कचरा जिभेत अडकतो, जीभ शेवटपर्यंत टेकत नाही, आणि मग स्टेशनवर ती बाई शांत आवाजात 'तांत्रिक बिघाड' म्हणते. "बिघाड नाही तो," काका म्हणाले, "पॉइंट खरं बोलतोय."

मला वाटलं, न्याय झाला. साक्षीदार आयता आला, तोही सरकारी.

पण वायरमनने रिमोट उचलून निरखला आणि विचारलं, "मोटर कितीची असते काका?"

"एकशे दहा व्होल्ट. डीसी."

"डीसी? मग उलटी कशी फिरवता?"

त्यावर काकांचा चेहरा असा उजळला की सून बाळंत होऊन नातू झाल्याच्या दिवशीही तो तेवढा उजळला नसेल. पुढे बराच वेळ मी माझ्याच घरात पाहुणा होतो. चहा मात्र मीच केला. ट्रे घेऊन आलो तेव्हा काका त्याला सांगत होते, "आमच्या स्वयंपाकघरात मिक्सरसाठी एक प्लग वाढवायचाय. किती धराल?"

"बोर्डावरच असेल तर अर्धा."

"मग हरकत नाही," ज्यांच्या हिशोबाने अर्ध्या पॉइंटला गाडी घसरते ते काका म्हणाले.

युक्लिडने भूमितीची पहिलीच व्याख्या अशी दिली आहे की ज्याला भाग नाही तो बिंदू. लांबी नाही, रुंदी नाही, आणि मुख्य म्हणजे भाग नाही. म्हणजे अर्धा बिंदू हा ग्रीकांच्या काळापासून अशक्य आहे. पण युक्लिडला घराची वायरिंग करून घ्यावी लागली नसावी.

आता रागाच्या बाहेर येऊन बघतो, कारण सगळंच खोटं नव्हतं. पॉइंट म्हणजे मुळात बोर्डापासून दिव्यापर्यंतचं सगळं. पाइप, वायर, बटण आणि वरचा होल्डर किंवा सीलिंग रोजची छताला बसणारी गोल डबी, हे धरून एक. मीटरकडच्या पेटीतून बोर्डापर्यंत येणारी लाइन त्यात नसते, ती लांबीच्या मीटरवर मोजतात. सरकारी कंत्राटांत तर पॉइंटचेही लांबीनुसार आखूड, मध्यम आणि लांब असे गट असतात, कारण बोर्डाच्या डोक्यावरचा दिवा आणि खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यातला दिवा यांना सारखी वायर लागत नाही. घरगुती कामात हे कोणी विचारत नाही. सगळ्यांना एकच दर.

टू-वेला जादा पैसे घेणं रास्त आहे. दोन बटणांच्या मधे दोन जादा वायरी धावतात, आणि त्या दुसऱ्या भिंतीपर्यंत झिरी मारून न्याव्या लागतात. दीड पॉइंट म्हणाला असता तर मी हो म्हटलं असतं. पॉवरचंही पटतं. 2000 वॅटचा गिझर 230 व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास ओढतो, आणि साधा प्लग असतो 6 अँपिअरचा, म्हणजे पूर्ण ताणला तरी 1380 वॅट. तिथे गिझर लावला की आधी प्लग पिवळा पडतो, मग वितळल्याचा वास येतो. म्हणून 16 अँपिअरचा प्लग, दिव्याच्या दीड चौरस मिलिमीटरच्या वायरऐवजी अडीचची किंवा चारची, आणि पेटीत त्याची स्वतंत्र एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारं बटण. एसीला तर थेट पेटीतून चारची. खर्च खराच आहे. पण मग त्याचा वेगळा दर लिहा ना. दोनाने आणि तीनाने गुणून तो 'पॉइंट' कशाला म्हणायचा?

रेग्युलेटर मात्र निव्वळ थाप. तो बटणाच्या शेजारी त्याच बोर्डात बसतो. बटणातून निघालेली वायर त्यात जाते, त्यातून निघून पंख्याकडे. बोर्डाबाहेर एक इंचही जादा वायर जात नाही, भिंतीला ओरखडा नाही. तीन रेग्युलेटरचा दीड पॉइंट म्हणजे वीतभर वायरचे पैसे. आणि बेलचं बटण! दिव्याचं बटण दिव्याच्या पॉइंटमध्ये फुकट येतं, मग बेलचं बटण वेगळं का? त्याने दाराबाहेर बसण्याचं धाडस केलं म्हणून?

बिलाच्या तळाला एक ओळ होती, 'काम चालू असताना पॉइंट वाढल्यास दर वेगळा राहील.' ती वाचायला टॉर्च लागला. अक्षर 6 पॉइंटचं. छपाईतला पॉइंट हा एकूण जमातीतला त्यातल्या त्यात सज्जन. संगणकावर 72 पॉइंटचा एक इंच, इथेही आणि लंडनलाही. तरी मराठीवर तिथेही अन्याय होतोच. 12 पॉइंटचं इंग्रजी आणि 12 पॉइंटचं मराठी शेजारी ठेवून पाहा, मराठी बारीक दिसतं, कारण तेवढ्याच उंचीत वर वेलांटी-मात्रा-रफार, खाली उकार-ऋकार आणि मधे जीव मुठीत धरून मूळ अक्षर. लग्नपत्रिका करणारे म्हणून मराठी मजकूर दोनेक पॉइंट वाढवून घेतात. बिलं छापणाऱ्यांना ती गरज वाटत नाही.

हिऱ्याच्या बाजारातही असाच सरळपणा आहे. एक कॅरट म्हणजे 100 पॉइंट, म्हणजे 200 मिलिग्रॅम. तीस पॉइंटचा हिरा म्हटलं की 60 मिलिग्रॅम, वाद संपला. तिथे कोणी 'अंगठीच्या बाहेरच्या बाजूला आहे म्हणून दोन धरले' म्हणत नाही. उलट माथेरानला जा. गावात मोटारींना बंदी, आणि घोडेवाला विचारतो, "किती पॉइंट करायचे?" लॉर्ड पॉइंट, सेलिया पॉइंट आणि इको पॉइंट एकमेकांना खेटून आहेत. थोडं चाललं की पुढचा लागतो, पण हिशोबात ते तीन. दरी एकच, वारा एकच, माकडंही बहुधा तीच.

नरिमन पॉइंट तर मला या सगळ्यांचं तीर्थक्षेत्रच वाटतं. ज्यांच्या नावाने तो आहे ते खुर्शेद फ्रामजी नरिमन 1920च्या दशकात बॅकबेमध्ये समुद्र बुजवण्याच्या सरकारी कामातल्या भानगडींवर तुटून पडले. हार्वे नावाच्या अभियंत्याने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला, आणि नरिमन निर्दोष सुटले. बांधकामाच्या हिशोबावर शंका घेतली म्हणून माणसाच्या नावाने अख्खा पॉइंट झाला. मी शंका घेतली तर मला इंटरकॉमचा लागला.

पैसे देण्याआधी एक गोष्ट मात्र करून घ्या, कारण ती बिलात दिसत नाही. बटण बंद करा, बल्ब काढा आणि होल्डरच्या दोन्ही टोकांना टेस्टर लावा. कुठेच पेटला नाही तर ठीक. एका टोकाला पेटला तर बटण वीज आणणाऱ्या फेजच्या वायरऐवजी परतीच्या न्यूट्रलवर टाकलंय. दिवा बंद होतो म्हणून कळत नाही, पण होल्डरमध्ये वीज तशीच उभी असते आणि बल्ब बदलताना झटका बसतो. एलईडी बल्ब बंद केल्यावरही रात्री काजव्यासारखा मिणमिणत राहिला तर पहिला संशय हाच घ्यावा. हे तपासताना लाकडी स्टुलावर, पायात रबरी चप्पल. आणि तीन पिनांच्या प्लगात वरच्या मोठ्या भोकाला हिरवी वायर खरंच जोडली आहे की नुसती आत कोंबली आहे, तेही मेन बंद करून, बोर्ड उघडून बघावं. आमच्याकडे एका बोर्डात कोंबलेली निघाली. त्या प्लगचा अर्धा मात्र बिलात व्यवस्थित जोडलेला होता.

ती वायर त्याने निमूटपणे जोडली. मी बेलच्या बटणाचा विषय पुन्हा काढला, तेव्हा पहिल्यांदा त्याचा आवाज चढला.

"साहेब, तुम्हाला अर्धा जास्त लागला म्हणून काकांना बसवून हिशोब केलात. गावाकडं आमचे वडील रोज सकाळी डेअरीला दूध घालतात. गाईच्या दुधाचा दर साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफला, म्हणजे फॅट सोडून दुधातल्या बाकीच्या घन भागाला. मशीननं तीन पॉइंट तीन आणि आठ पॉइंट दोन दाखवलं की गेले पाच पॉइंट. प्रत्येक पॉइंटचे पैसे कापतात. वर चढला तर तेवढाच वाढवून देतील असंही नाही. त्यांनी कोणाला विचारायचं?"

काका म्हणाले, "मशीन कॅलिब्रेट कधी केलं होतं?" कोणी उत्तर दिलं नाही.

हे खरं आहे. डेअरीत 0.1 चा एक पॉइंट असतो. उन्हाळ्यात वैरण कमी पडली, गाय नुकती व्यालेली असली, दूध गार-गरम असलं किंवा मशीनच नीट लावलेलं नसलं, की एसएनएफचा आकडा दोन-तीन पॉइंट इकडेतिकडे होतो. पावती बाहेर येते, रांगेतला मागचा माणूस कॅन पुढे सरकवतो, आणि घासाघीस करायला समोर कोणी नसतं. तिथे साडेतीसचे चोवीस करून मागायची सोयच नाही. उलट चोवीसचे एकोणीस होतात आणि त्यावर सही करावी लागते.

मी पैसे दिले. साडेतीसचे.

त्याचं म्हणणं सोळा आणे खरं. पण बेलचं बटण वेगळं मोजायला ते काही कारण होत नाही.