माझे नाक आणि पाच पट झूम

साधे, घरगुती फोटो काढण्यासाठी एखादा छोटा आणि परवडणारा डिजिटल कॅमेरा घ्यावा, एवढ्या निरुपद्रवी इच्छेपोटी माणसाला भर दुकानात, अनोळखी लोकांच्या घोळक्यात उभे राहून स्वतःचे नाक वीस पट मोठे करून पाहावे लागते, ही माहिती कोणत्याही माहितीपत्रकात दिलेली नसते. ती मला परवा मिळाली आणि अजून पचलेली नाही.

प्रस्तावना लांबवत नाही. मी दुकानात गेलो, छोटा कॅमेरा दाखवा म्हणालो आणि काउंटरमागच्या तरुणाने अतिशय सहानुभूतीने विचारले, "सर, फोन बिघडलाय का?"

"फोन चांगला आहे."

"मग?"

या 'मग?'ची अनेक उत्तम उत्तरे माझ्यापाशी आहेत. फक्त ती सगळी मला दुकानाबाहेर पडल्यावर सुचली. फोनवर लांबची वस्तू जवळ आणायला जावे, तर साध्या फोनमध्ये ती बहुधा जवळ येत नाही, नुसती कापून मोठी केली जाते. फोनचा फ्लॅश म्हणजे एक मिणमिणता एलईडी दिवा, तर कॅमेऱ्यातला झेनॉन फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास लखलखतो, त्यामुळे धावणारे पोर हलताना न दिसता धावताना दिसते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, "जरा आमचा सगळ्यांचा एक फोटो काढता का?" असे म्हणून परक्याच्या हाती कॅमेरा देताना आपण फक्त कॅमेरा देतो, फोन देताना आपली पत्रे, आपली बँक आणि मेहुण्याशी चाललेला वाद असे सगळेच त्याच्या हाती सोपवत असतो. यांतले एकही वाक्य मला त्या वेळी बोलता आले नाही. मी नुसताच "असाच, साधे फोटो काढायला" असे पुटपुटलो, आणि तेवढ्यावर शेजारचे गृहस्थ माझ्याकडे वळले.

हे गृहस्थ भिंतीवरच्या घड्याळाचा सेल घ्यायला आले होते. सेल त्यांच्या हातात पडलेला होता, पैसे देऊन झाले होते, सुटे परत मिळाले होते; म्हणजे दुकानात थांबण्याचे त्यांना कोणतेही कारण उरलेले नव्हते. त्यांनी तो सेल खिशात टाकला, चश्मा कपाळावर चढवला आणि माझ्यापुढे जाऊन उभे राहत त्या तरुणाला सांगितले, "तो, तो आणि वरचा तो चंदेरी, असे तीन काढ." मग माझ्याकडे न पाहता विचारले, "किती खर्च करणार?"

मी आकडा सांगितला. संकोचापोटी थोडा वाढवूनच सांगितला. गृहस्थांनी खिशातला सेल एकदा चाचपला आणि म्हणाले, "असो. कॅमेऱ्याची परीक्षा नेहमी चेहऱ्यावर करावी. उभे राहा तिथे."

"माझ्या चेहऱ्यावर?"

"आता माझा मी कसा काढू?"

या युक्तिवादाला उत्तर नव्हते, म्हणून मी उभा राहिलो. पहिल्या कॅमेऱ्याने फोटो निघाला. गृहस्थांनी तो पडद्यावर मोठा करून पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ह्यात हे फार बरे दिसतायत," ते नाराजीने म्हणाले. "हा ठेवून दे."

"काका, चांगला येतोय की फोटो," तरुण म्हणाला.

"तेच सांगतोय. इथं बघ. आता समोर बघ."

तरुणाने पडद्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग पुन्हा पडद्याकडे. आणि एक अक्षरही न बोलता तो कॅमेरा पेटीत ठेवून दिला. मला लागले ते हे न बोलणेच. निदान त्याने वाद तरी घालायचा होता.

नाइलाजाने सांगतो, गृहस्थांचे म्हणणे शास्त्राला धरून होते. छोट्या सेन्सरवर, म्हणजे चित्र टिपणाऱ्या आतल्या चिपवर, उजेड कमी पडला की चित्रात दाणे उमटतात आणि ते लपवण्यासाठी कॅमेरा स्वतःच चित्र गुळगुळीत करून टाकतो. त्या पुसापुशीत दाण्यांबरोबर भिंतीचा खडबडीतपणा जातो, केसांची बट जाते आणि डोळ्यांखालची वर्तुळेही जातात. कॅमेरा निवडताना पडद्यावरचा फोटो मोठा करून केस वेगवेगळे दिसतात का ते पाहावे, हा सल्ला योग्यच आहे. मात्र तो माझ्या केसांवर अमलात आणला गेला, आणि पुरेसे केस न सापडल्यामुळे भुवयांवर भागवण्यात आले.

दुसऱ्या कॅमेऱ्यात हसू ओळखण्याची सोय होती. ही सोय नवी नाही. सोनीने २००७ सालीच, समोरचा माणूस हसला की आपोआप फोटो काढणारे छोटे कॅमेरे बाजारात आणले होते. गृहस्थांनी ती चालू केली आणि कॅमेरा माझ्यावर रोखून ठेवला.

"हसा."

"हसतोय."

"कॅमेऱ्याला पटत नाहीये."

मी आणखी हसलो. गृहस्थ थांबले. तरुण थांबला. एव्हाना मागे एक बाई आणि त्यांचा लहान मुलगा येऊन उभे होते, तेही थांबले. माणसाला चार जणांच्या देखत, एका यंत्राचे समाधान होईपर्यंत हसत राहायला सांगितले, तर त्याच्या चेहऱ्यावर जे काही उमटते त्याला हसू म्हणायला कोणतेच यंत्र तयार होणार नाही. तेवढ्यात पडद्यावरचा चौकोन माझ्या तोंडावरून उडाला आणि मागच्या भिंतीवरच्या जाहिरातीतल्या मुलीवर जाऊन बसला. गृहस्थांनी चौकोनाच्या मागोमाग कॅमेरा वळवला, लगेच खट्ट झाले आणि एक नितांतसुंदर फोटो निघाला. त्यात मध्यभागी ती मुलगी होती आणि कडेला माझा डावा कान.

"फोकस झकास आहे," गृहस्थ म्हणाले.

तिसऱ्याला झूम होता. गृहस्थ तो घेऊन थेट दाराशी गेले, आणि माझ्यावर जागचे न हलण्याची जबाबदारी सोपवली गेली. भिंग घुर्र करत बाहेर आले. "पाच पट!" ते तिकडून ओरडले. "काका, पुढे डिजिटल पण आहे, वीस पटपर्यंत जातं," तरुणाने इकडून उत्साहाने सांगितले. या मुलाविषयी तोवर माझे मत बरे होते.

ते परत आले तेव्हा कॅमेऱ्याभोवती लोक जमले. पडद्यावर काहीतरी तपकिरी, ओबडधोबड आणि प्रचंड दिसत होते.

"हे काय आहे?" बाईंनी विचारले.

"नाक," मुलगा म्हणाला.

"कुणाचं?"

मुलाने बोट दाखवले. सर्वांनी शहानिशा करण्यासाठी माझ्याकडे पाहिले. गृहस्थांनी मग पडद्यावर नखाने टकटक करत, शिक्षकाच्या शांतपणाने समजावले, "हे बघा, पाच पटीपर्यंतचं नाक ह्यांचं आहे. त्याच्या पुढचं नाक कॅमेऱ्यानं मनानं रचलंय."

डिजिटल झूमचे इतके अचूक वर्णन मी कोणत्याही तांत्रिक लेखात वाचलेले नाही. ऑप्टिकल झूममध्ये भिंगे खरोखर सरकतात. डिजिटल झूममध्ये चित्राचा मधला तुकडा कापून ताणला जातो आणि मधल्या जागा अंदाजाने भरल्या जातात. तेव्हा पेटीवर 'वीस पट' लिहिलेले असेल, तर त्यांतले ऑप्टिकल किती हे विचारावे, आणि ते विचारताना शक्यतो स्वतः कॅमेऱ्यासमोर उभे राहू नये. खऱ्या झूमलाही एक खोट असते, तीही इथेच सांगून टाकतो. भिंगाभोवती एफ ३.३ ते ६.९ असे काहीसे आकडे कोरलेले असतात. आकडा मोठा तितका उजेड कमी, म्हणजे झूम पूर्ण ताणला की आत येणारा उजेड चौथाईहूनही कमी होतो. मग कॅमेरा खटका सावकाश मिटतो आणि फोटो हलतो. म्हणजे नाक जवळ येते, पण थरथरत येते.

एवढ्यावर परीक्षा संपायला हरकत नव्हती, परंतु गृहस्थांना अंधार हवा होता. मला दुकानामागच्या खोक्यांच्या अरुंद बोळात नेण्यात आले. तिथे आधी फ्लॅश न लावता फोटो निघाला, त्यात माझ्या तोंडावर वाळू चिकटल्यासारखे दिसत होते. मग फ्लॅश लावून निघाला, त्यात माझे डोळे लाल होते. भिंगाला अगदी खेटून असलेला फ्लॅश डोळ्याच्या पडद्यावरून तसाच परत येतो आणि डोळ्याची बाहुली लाल दिसते, हे मला ठाऊक आहे. बाईंच्या मुलाला ते ठाऊक नव्हते. तो आईच्या मागे जाऊन उभा राहिला.

हसण्यासारखे एवढेच. यापुढे माझी तक्रार आहे, आणि ती त्या गृहस्थांविरुद्ध नाही.

साधा माणूस साधा कॅमेरा मागतो, तेव्हा त्याला द्यायला बाजाराकडे आता फारसे काही उरलेलेच नाही. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे २०१० साली १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले आणि त्यांतले बहुतेक असले खिशात मावणारेच होते. २०२३ साली या छोट्या कॅमेऱ्यांची संख्या २० लाखांच्याही खाली होती. फोनने हा मधला वर्ग खाल्ला. उरले ते एका टोकाला हौशी श्रीमंतांचे सुरेख, महागडे कॅमेरे आणि दुसऱ्या टोकाला खेळणी, आणि ही खेळणी सर्वांत मोठे आकडे पेटीवर मिरवतात. बिननावाच्या कित्येक स्वस्त पेट्यांवर ४८ किंवा ६४ मेगापिक्सेल (एक मेगापिक्सेल म्हणजे चित्रातले दहा लाख बिंदू) असे ठळक छापलेले असते. आतला सेन्सर त्याच्यापेक्षा कितीतरी कमी बिंदू टिपतो आणि उरलेले कॅमेरा, गृहस्थांच्या भाषेत, मनाने रचतो.

आणि हे बिंदू हवेत कुणाला? चार बाय सहा इंचांचा फोटो इंचाला ३०० ठिपक्यांनी उत्तम छापायचा, तर १८०० गुणिले १२०० म्हणजे २१ लाख ६० हजार बिंदू लागतात. दोन मेगापिक्सेलपेक्षा किंचित जास्त. कोडॅकमधले अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तो साडेतीन किलोहून जड होता, एक कृष्णधवल चित्र कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद घेत असे, आणि त्या चित्रात बिंदू होते अवघे १० हजार. त्या यंत्रात निदान सांगितले तेवढे बिंदू खरोखर होते.

विचारायची खरी गोष्ट म्हणजे सेन्सरचा आकार, आणि ती पेटीवर सहसा सापडतच नाही. स्वस्तातल्या चांगल्या कॅमेऱ्यात १/२.३ इंची सेन्सर असतो, म्हणजे साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, करंगळीच्या नखावर तो आरामात मावेल. त्याच्या वरचा, महागातला, तो 'एक इंची'. हा तरी एक इंच असावा ना? तो आहे १३.२ बाय ८.८ मिलिमीटर, आणि त्याची कोणतीही बाजू, अगदी कर्णसुद्धा, इंचभर भरत नाही. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून ही मापे चालत आली. नळ्या केव्हाच गेल्या, तरी मापे तशीच राहिली, आणि ग्राहकाने ती मुकाट्याने मान्य करायची. तरीही हा एक इंची सेन्सर आधीच्यापेक्षा क्षेत्रफळाने चौपट मोठा असतो आणि संध्याकाळच्या फोटोंत तो फरक स्वच्छ दिसतो. जुना वापरलेला कॅमेरा घेऊन पैसे वाचवावेत, तर हल्ली त्या जुन्या कॅमेऱ्यांचीच तरुणांमध्ये फॅशन आली आहे, त्यामुळे कालपर्यंत कपाटात धूळ खात पडलेल्या डब्यालाही भाव चढला आहे. शिवाय त्याची बॅटरी मिळेल का, आणि तो ३२ जीबीपेक्षा मोठे कार्ड वाचेल का, हे घेण्याआधी तपासावे लागते, कारण बरेच जुने कॅमेरे वाचत नाहीत.

शेवटी मी नाकवालाच घेतला. १/२.३ इंची सेन्सर, पाच पट खरा झूम, हात हलला तरी चित्र सावरणारे भिंग आणि झेनॉन फ्लॅश, एवढे माझ्या पैशांत बसत होते. "ह्याच्यात तुम्ही जसे आहात तसे येता," असा शेरा मारून गृहस्थांनी निवडीला मान्यता दिली, खिशातला सेल काढून तारीख तपासली आणि निघून गेले. पेटीत मेमरी कार्ड नव्हते, ते वेगळे घ्यावे लागले. मनगटात अडकवायची दोरी मात्र होती.

पैसे देताना माझ्या लक्षात आले, की मला मिळाला तो नवा, सीलबंद कॅमेरा होता. परीक्षा झाली ती दाखवण्यासाठी ठेवलेल्या कॅमेऱ्यांवर, आणि माझे सगळे फोटो त्यांच्या कार्डांत तसेच होते. ते पुसून टाकावेत, अशी मी त्या तरुणाला नम्र विनंती केली.

"राहू दे ना सर," तो म्हणाला. "गिऱ्हाइकांना फरक दाखवायला बरे आहेत. ते नाकाचं तर एकदम क्लियर कळतं."

मी आग्रह धरला, तेव्हा दाखवण्याच्या कॅमेऱ्यांतले काहीही मालकांना विचारल्याशिवाय पुसता येत नाही, असे त्याने मला सांगितले. मालक सोमवारी येतात.