भूमिपुत्र तिथले आणि इथले

जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशातलं डोमिसाइलचं आरक्षण घटनाबाह्य ठरवलं. तेव्हा महाराष्ट्रातल्या डॉक्टरमंडळींचा संताप मी इथे ब्रिटनमध्ये बसून वाचत होतो. कॉलेजं आमच्या करातून उभी राहिली, पेशंट आमचे, आणि जागा मात्र बाहेरच्यांना, असा सूर होता. त्यानंतर एका वर्षाने, जानेवारी २०२६ मध्ये, ब्रिटनच्या संसदेत एक विधेयक आलं. स्पेशालिटी ट्रेनिंगच्या, म्हणजे आपल्या एमडी-एमएससारख्या, जागा आधी इथे शिकलेल्या डॉक्टरांना द्याव्यात, असं ते म्हणत होतं, आणि काही आठवड्यांतच त्याचा कायदा झाला. त्याला त्याच मंडळींनी गोऱ्यांचा वर्णद्वेष म्हटलं. वर्षभरापूर्वी भूमिपुत्राचा कैवार घेणारा माणूस आता गुणवत्तेला देश नसतो असं सांगतो, याची मला मनापासून चीड येते. ही चीड गेली नाही म्हणून लिहितो आहे.

मुळात दोन्हीकडे काय ठरलं ते नीट वाचायला हवं. डोमिसाइलचा खटला चंदीगडच्या सरकारी मेडिकल कॉलेजातल्या जागांवरून गेला होता. तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की एमडी-एमएसच्या पातळीवर उमेदवार कुठे राहतो हे बघून जागा राखता येणार नाहीत, कारण भारतीय नागरिकाचं डोमिसाइल एकच, भारत. पण त्याच निकालाने संस्थात्मक प्राधान्य मर्यादित प्रमाणात कायम ठेवलं. म्हणजे ज्या राज्याच्या कॉलेजात एमबीबीएस केलं, तिथल्या पीजीच्या जागांवर थोडा अधिक हक्क सांगता येतो. १९८४ च्या प्रदीप जैन खटल्यापासून हेच सूत्र चालत आलं आहे. आता ब्रिटनचा कायदा बघा. त्याचा मुख्य निकष उमेदवाराचा रंग किंवा जन्मगाव हा नाही, पदवी कुठल्या देशातल्या मेडिकल स्कूलची हा आहे. ब्रिटन, आयर्लंड आणि नॉर्वे-स्वित्झर्लंडसारख्या चार छोट्या देशांतले पदवीधर पुढे, बाकीचे मागे. लेस्टरमध्ये जन्मलेला, पण बल्गेरियात जाऊन डॉक्टर झालेला मुलगा पदवीच्या निकषावर मागेच पडतो, आणि नागपूरहून येऊन मँचेस्टरला एमबीसीएचबी, म्हणजे इथलं एमबीबीएस, केलेली मुलगी पुढे जाते. आपल्या न्यायालयाने ज्याला हरकत घेतली नाही, तेच इथल्या संसदेने केलं. एकाला अन्याय आणि दुसऱ्याला वर्णद्वेष म्हणणाऱ्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचलेले नाहीत.

हे सगळं आजचं आहे असंही नाही. एप्रिल २००६ मध्ये ब्रिटनने परदेशी डॉक्टरांना वर्क परमिटशिवाय ट्रेनिंग करण्याची सवलत एका फटक्यात काढून घेतली. इथे येऊन पोचलेले, परीक्षा दिलेले हजारो भारतीय डॉक्टर अधांतरी लटकले. भारतीय वंशाच्या डॉक्टरांची बापिओ ही संघटना कोर्टात गेली, आणि ३० एप्रिल २००८ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या इथल्या सर्वोच्च न्यायपीठाने, तिच्या बाजूने निकाल दिला. तोवर कित्येक जण बॅगा भरून परत गेले होते. त्याच दरम्यान, २००७ मध्ये, एमटास नावाच्या संगणकीय अर्जपद्धतीचा बोजवारा उडाला. उमेदवारांची खासगी माहिती उघडी पडली आणि इथलेच गोरे ज्युनियर डॉक्टर रस्त्यावर उतरले. पुढे ऑक्टोबर २०१९ मध्ये सगळे डॉक्टर टंचाईच्या व्यवसायांच्या यादीत आले आणि आधी स्थानिक उमेदवार शोधण्याची अट गेली. गावाकडे आज ज्याला ‘कायमचं उघडं दार’ समजतात, ते दार एवढं सताड उघडं जेमतेम सहा वर्षं होतं.

त्या सहा वर्षांत काय झालं ते सरकारने दिलेल्या आकड्यांत दिसतं. २०१९ मध्ये सुमारे ९ हजार जागांना १२ हजार अर्जदार होते. कायदा आला तेव्हा १० हजार जागांना जवळपास ४० हजार. जागा किती वाढल्या ते बघा. इथली मेडिकल स्कूलं वाढवली गेली. २०२३ च्या मनुष्यबळ आराखड्यात तर मेडिकल स्कूलच्या जागा २०३१ पर्यंत दुप्पट, म्हणजे १५ हजार, करायचं ठरलं. पण पदवीनंतरची फाउंडेशनची दोन वर्षं संपवून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी पुढच्या ट्रेनिंगच्या जागा त्या वेगाने वाढवल्या नाहीत. परदेशी डॉक्टरांना रोटा, म्हणजे ड्यूट्यांचं वेळापत्रक, भरायला बोलावलं, तेही ट्रस्ट-ग्रेडच्या, म्हणजे ट्रेनिंगमध्ये न मोजल्या जाणाऱ्या, नोकऱ्यांवर. या नोकरीत रात्रपाळ्या त्याच, ब्लीप (पेजर) तोच, पण वर्षाच्या शेवटी एआरसीपी, म्हणजे ट्रेनिंगच्या प्रगतीचा आढावा, नाही आणि स्पेशालिस्ट होण्याच्या वाटेवर एक पाऊलही पुढे पडत नाही. ही कोंडी सरकारने तयार केली. कायद्याने तिचा भार भारतातून येणाऱ्या आमच्या मुलांवर टाकला, हे माझं स्पष्ट मत आहे, आणि भूमिपुत्राचं तत्त्व मान्य करूनही मी ते मांडतो.

गावाकडे एक दुसरा समज पक्का आहे. तिकडे म्हणे एका दिवसाच्या एमसीक्यूवर आयुष्य ठरत नाही, माणूस पाहतात. ज्यांना हे खरं वाटतं त्यांनी एमएसआरएचा, म्हणजे इथल्या ट्रेनिंगच्या प्रवेशपरीक्षेचा, पेपर बघावा. दोन भाग असतात. क्लिनिकल भागात ७५ मिनिटांत ९७ प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला ४६ सेकंद. नीट-पीजीत ४० प्रश्नांच्या प्रत्येक विभागाला ४२ मिनिटं मिळतात, म्हणजे ६३ सेकंद. जनरल प्रॅक्टिसच्या ट्रेनिंगला तर मुलाखतच नाही, फक्त हाच स्कोअर. दुसऱ्या भागात ९५ मिनिटांत ५० प्रसंग. सहकारी दारू पिऊन ड्यूटीवर आला, नातेवाईक रिपोर्ट लपवायला सांगतात, अशा वेळी काय कराल ते क्रमाने लावा, किंवा आठांतले तीन पर्याय निवडा. आपली मुलं पहिल्या भागात चमकतात आणि या दुसऱ्या भागात गुण घालवतात. कारण सरळ आहे. आपल्या वॉर्डात जेआर-वनने, म्हणजे पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरने, लेक्चररला विचारायचं, लेक्चररने एचओयूंना, म्हणजे युनिटप्रमुखांना, आणि सरांच्या पुढे बोलायचं नाही, ही सवय हाडात मुरलेली असते. ‘आधी सरांना कळवीन’ हा पर्याय सवयीने पहिला टाकला जातो. इथली उत्तरपत्रिका म्हणते, आधी पेशंट सुरक्षित कर, त्या सहकाऱ्याला कामावरून बाजूला घे, मग वरिष्ठांना कळव. हे घोकून येत नाही. डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या इथल्या जनरल मेडिकल कौन्सिलची गुड मेडिकल प्रॅक्टिस ही पुस्तिका आधी शांतपणे वाचावी आणि मगच प्रश्नसंच हाती घ्यावेत.

माणूस पाहतात म्हणजे काय, तर गुणांची यादी. ऑडिटची, म्हणजे वॉर्डातल्या उपचारांच्या पडताळणीची, दोन्ही आवर्तनं केली तर इतके गुण, एकच केलं तर कमी. शिकवण्याचा अनुभव काही महिने सलग आणि लेखी अभिप्रायासह असेल तर इतके. पोस्टर कुठल्या पातळीच्या परिषदेत, पेपरवर नाव पहिलं की पाचवं. जो मुलगा रात्री तीन वाजता सेंट्रल लाइन सफाईने घालतो त्याला त्याचा एकही गुण नाही. फाउंडेशन इथे न केलेल्यांना क्रेस्टचा, म्हणजे स्पेशालिटी ट्रेनिंगला तयार असल्याचा, फॉर्म लागतो. गेल्या साडेतीन वर्षांत ज्या कन्सल्टंटबरोबर किमान तीन महिने सलग काम केलं त्याचीच सही चालते, आणि प्रत्येक क्षमतेपुढे खूण हवी. एक चौकट कोरी राहिली तर अर्ज बाद. मागच्या वर्षीचा फॉर्म भरला तरी बाद. भारतातल्या सरांची सही घेतली आणि त्यांच्या नोंदणीचा पुरावा जोडला नाही तरी बाद. दर वर्षी चांगली मुलं या कारणांनी गळतात, आणि ओरिएल या अर्जांच्या संकेतस्थळावर मुदत संपली की कुणी ऐकून घेत नाही. २०२६ च्या भरतीपासून एका उमेदवाराला पाचच अर्ज करता येतात, त्यामुळे सगळीकडे खडा टाकून बघायची सोयही गेली.

एका बाबतीत मात्र मी इथली पद्धत आपल्यापुढे बेधडक ठेवीन. ऑफर आली की ४८ तास मिळतात. ती घ्या, राखून ठेवा किंवा सोडा, पैसे बुडत नाहीत. आपल्याकडे एमसीसीच्या, म्हणजे केंद्रीय वैद्यकीय प्रवेशाच्या, दुसऱ्या फेरीत मिळालेली जागा नाकारली तर खुल्या वर्गाच्या मुलाचे २५ हजार गेले, अभिमत विद्यापीठाची जागा असेल तर २ लाख. बापाने उसने आणलेले पैसे एका क्लिकवर जप्त होतात, आणि त्या भीतीने मुलगी नको असलेली ब्रँच घेते. कट-ऑफ, डोमिसाइल, आरक्षण यांवर तासन्‌तास वाद घालणारे या तरतुदीबद्दल बोलताना मला आढळत नाहीत.

कट-ऑफचंच घ्या. जानेवारी २०२६ मध्ये, दुसरी फेरी होऊन गेल्यावर, नीट-पीजी २०२५ ची पात्रता खाली आणली. खुल्या वर्गाला २७६ वरून १०३, राखीव वर्गांना उणे ४०, आठशेपैकी. ‘उणे गुणवाले आता ऑपरेशन करणार’ ही ओरड सगळीकडे झाली, आणि ती सोयीस्करपणे राखीव वर्गांवर ढकलली गेली. रिकाम्या जागा १८ हजारांहून अधिक होत्या. त्यांतल्या बऱ्याच अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री, फोरेन्सिकसारख्या, जिथे कुणी जायला तयार नसतं, आणि बऱ्याच खासगी कॉलेजांतल्या महागड्या. काही ब्रँचची पूर्ण कोर्सची फी कोटीच्या पलीकडे जाते. पात्रता खाली आली की ती फी परवडणाऱ्या कमी गुणांच्या उमेदवारालाही ती जागा घेता येते, मग तो कुठल्याही जातीचा असो. गुणवत्तेचा कळवळा असणाऱ्यांनी मॅनेजमेंट आणि एनआरआय कोट्याचे शेवटचे गुण वाचावेत.

आणि ‘आमच्या करातून’ म्हणणाऱ्यांनी बाँडही आठवावा. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाल्यावर एक वर्ष ग्रामीण सेवा ही अट होती, आणि कित्येक वर्षं १० लाख भरून त्यातून सुटता येत होतं. गडचिरोली-नंदुरबारच्या आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसतात तेव्हा करदात्याची आठवण कुणालाच येत नाही. मीसुद्धा त्याच करदात्याच्या पैशाने शिकून इथे आलो, आणि सिव्हिलच्या वॉर्डात जमिनीवर गाद्या टाकून झोपवलेले पेशंट आता मी तपासत नाही. म्हणून भूमिपुत्राच्या नावाने कुणी बोलू लागलं की मी आधी विचारतो, त्या भूमीवर काम कोण करतंय?

हाच प्रश्न मी ब्रिटनलाही विचारतो. इथल्या कायद्यात २०२६ पुरती एक मेख आहे. एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, भरीव काम केलेल्यांना पुढे घ्यायचं ठरलं, पण काम मोजण्याऐवजी आयएलआर, म्हणजे ब्रिटनमध्ये कायम राहण्याचा परवाना, आहे का ते बघितलं. हे शिक्कामोर्तब सहसा पाच वर्षांनी होतं. व्हिसावर चार वर्षं मेडिकल टेकच्या, म्हणजे तातडीचे पेशंट दाखल करून घेण्याच्या, रात्री काढलेला डॉक्टर मागे राहिला, आणि जोडीदाराच्या व्हिसावरून आयएलआर मिळालेला, वॉर्डात एक दिवसही न उभा राहिलेला उमेदवार पुढे गेला. शिवाय हे सगळं अर्जांची मुदत नोव्हेंबरात संपल्यावर, भरती अर्ध्यात असताना झालं. मुलांनी पाच अर्ज कुठे टाकायचे ते जुन्या नियमांवर ठरवलं होतं. फी, पुस्तकं, सुट्ट्या, सगळं खर्च झालं होतं. भारतात नीट-पीजी २०२४ आदल्या रात्री पुढे ढकलली तेव्हा ‘असं तिकडे होत नाही’ असं आम्ही इथली माणसं अभिमानाने सांगत होतो. तो अभिमान आता मला बाळगता येत नाही.

२०२७ च्या भरतीपासून हे प्राधान्य मुलाखतीला कुणाला बोलवायचं इथपासूनच लागू होणार आहे, आणि भरीव काम म्हणजे नेमकं काय ते नियमांनी ठरेल. ती व्याख्या महिन्यांत व्हावी, शिक्क्यांत नको, यासाठी इथल्या मराठी डॉक्टरांनी आपापल्या खासदाराला लिहायला हवं. पण आम्ही लिहू का, याची मला खात्री नाही. आमच्यातल्या पुष्कळांना आयएलआर किंवा पासपोर्ट मिळालेला आहे. आमची मुलं इथल्याच मेडिकल स्कूलांत आहेत, आणि हा कायदा त्यांना पुढे ठेवतो. माझी पदवी मला मागच्या रांगेत उभं करते आणि माझे कागद मला पुढच्या रांगेत नेतात. महाराष्ट्रात आम्ही बाहेर गेलेले, इथे बाहेरून आलेले, आणि दोन्हीकडच्या भूमिपुत्रांच्या वादात सोयीची बाजू आम्हाला लगेच सापडते.

तेव्हा तिथे प्लॅबच्या, म्हणजे ब्रिटनमधल्या नोंदणीसाठीच्या परीक्षेच्या, तयारीत असलेल्यांना एवढंच सांगतो. प्लॅब-दोन फक्त मँचेस्टरला होते. विमान, राहणं, फी धरून हिशेब आधी मांडा. नोंदणी झाली म्हणजे नोकरी मिळाली असं नाही. एकेका ट्रस्ट-ग्रेड पदावर शेकडो अर्ज येतात आणि जाहिरात मुदतीआधीच बंद होते. ट्रेनिंगची जागा पहिल्या दोन-तीन वर्षांत मिळेल हे गृहीत धरून कर्ज काढू नका. आणि महाराष्ट्रात हवी ती नाही तरी बरी ब्रँच मिळत असेल, तर ती सोडून विमानात बसण्याआधी तीन वर्षांत हातात पडणाऱ्या एमडीची इथल्या दहा वर्षांशी कागदावर तुलना करा.