‘द गेम अवॉर्ड्‌स’ : ऐरोलीहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

स.न.वि.वि.

वर्षातल्या सर्वोत्तम व्हिडिओ गेमना गौरवणाऱ्या ‘द गेम अवॉर्ड्‌स’च्या २०२५च्या सोहळ्यावरील माझा लेख वाचून तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल मनापासून आभार. तुमचे म्हणणे थोडक्यात असे : हा पुरस्कार सोहळा नसून जाहिरातींचा बाजार आहे; खेळणाऱ्यांच्या मताला त्यात अवघे १० टक्के वजन असल्यामुळे निकाल मूठभर समीक्षकांच्या हाती राहतो; आणि लॉस एंजेलिसमध्ये कोणाला काय मिळाले, हे पाहण्यासाठी ठाणे-नवी मुंबईतल्या मुलांनी शुक्रवारी सकाळी साडेसहाला स्क्रीनसमोर बसावे, असे त्यात काहीही नाही. यातला पहिला आक्षेप मला बराचसा मान्य आहे, दुसरा मुळीच मान्य नाही, आणि तिसऱ्याबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचे आहे.

गेम पत्रकार आणि निवेदक जेफ कीली यांनी २०१४मध्ये, अमेरिकेतल्या स्पाइक वाहिनीचा गेम पुरस्कारांचा जुना सोहळा बंद पडल्यानंतर, हा उपक्रम स्वतंत्रपणे सुरू केला. ब्रिटनच्या बाफ्टासारखी सदस्यांची संस्था त्यामागे नाही. आगामी गेमच्या ट्रेलरसाठी प्रकाशकांनी मोजलेला पैसा आणि प्रायोजकत्व यांवर तो चालतो, आणि घरबसल्या पाहणाऱ्याकडून काहीही घेतले जात नाही. खर्च कुठून तरी निघायलाच हवा, त्यामुळे ट्रेलर असण्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती वेळेच्या वाटपाला. २०२३मध्ये विजेत्यांना बोलायला जेमतेम अर्धा मिनिट मिळत होता आणि लगेच समोरच्या पडद्यावर आवरते घेण्याची सूचना झळकत होती. ‘बाल्डर्स गेट ३’ वर्षातला सर्वोत्तम गेम ठरला, तेव्हा तो बनवणाऱ्या लारियन स्टुडिओचे प्रमुख स्वेन विंके आपल्या दिवंगत सहकाऱ्याची आठवण काढत असतानाही ती सूचना थांबली नाही. ज्यांच्या कामाचा गौरव करायचा त्यांनाच घाई करणे, हा मी त्या कामाचा अपमान समजतो. त्या वर्षी गेम उद्योगात हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या होत्या, हेही लक्षात घ्यावे लागते. त्यावर झालेल्या टीकेचा उपयोग झाला, असे मला वाटते, कारण २०२४मध्ये कीली यांनी मंचावरून नोकरकपातीचा उल्लेख केला आणि ‘गेम चेंजर’ हा सन्मान, नोकरी गमावलेल्यांना नवे काम शोधून देण्यासाठी झटणाऱ्या अमीर सात्वत यांना देण्यात आला.

आता मतदानाविषयी. शंभराहून अधिक नियतकालिके आणि संकेतस्थळे यांच्या ज्युरीला ९० टक्के आणि लोकांना १० टक्के, ही विभागणी तुम्हाला लोकशाहीविरोधी वाटते. परंतु केवळ लोकांच्या मतांवर ठरणारा ‘प्लेयर्स व्हॉइस’ हा पुरस्कारही याच सोहळ्यात आहे. तो २०२२मध्ये ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ला आणि २०२४मध्ये ‘ब्लॅक मिथ : वुकाँग’ला मिळाला. दोन्ही गेम मोठ्या कष्टाने घडवलेले आहेत, पण दोघांच्याही पाठीशी प्रचंड चाहतावर्ग होता, आणि अशा मतदानात तो वर्ग किती मोठा आहे हेच प्रामुख्याने मोजले जाते. ध्वनिरचना किंवा अपंग खेळाडूंसाठी केलेल्या सोयी अशा विभागांत ही पद्धत निरुपयोगी ठरेल. ‘फोर्झा मोटरस्पोर्ट’मध्ये दृष्टिहीन व्यक्तीला केवळ आवाजाच्या खुणांवर शर्यतीची गाडी चालवता येते. २०२३मध्ये या गेमला अशा सोयींसाठीचा, म्हणजे सुलभतेचा, पुरस्कार मिळाला, तो त्या सोयी नेमक्या कशा चालतात हे कोणीतरी बसून तपासल्यामुळे. आपल्या राज्य नाट्य स्पर्धेत प्रकाशयोजना, नेपथ्य आणि रंगभूषा यांची पारितोषिके परीक्षक ठरवतात. प्रेक्षागृहातल्या टाळ्यांवर ती ठरली असती, तर भरपूर नातेवाईक घेऊन आलेल्या संस्थेचा प्रकाशयोजनाकार दरवर्षी जिंकला असता. ज्युरीबाबत माझी तक्रार वेगळी आहे. तिच्यात प्रामुख्याने पत्रकार आणि समीक्षक आहेत, प्रत्यक्ष गेम बनवणारे नाहीत. गेम उद्योगाच्याच अकादमीकडून दिल्या जाणाऱ्या डाइस पुरस्कारांत ज्या-त्या कलेतले जाणकार आपल्या व्यवसायबंधूंना निवडतात, आणि म्हणूनच तिथला ध्वनीचा किंवा ॲनिमेशनचा पुरस्कार मला अधिक विश्वासार्ह वाटतो. लोकांचा वाटा वाढवण्यापेक्षा हा बदल मागणे योग्य होईल.

तिसऱ्या आक्षेपाचे उत्तर द्यायला फार लांब जावे लागत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने घडवलेल्या ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ला २०२०च्या याच सोहळ्यात नव्या स्वतंत्र स्टुडिओच्या पदार्पणातील सर्वोत्तम गेमसाठी नामांकन होते. पुरस्कार ‘फॅस्मोफोबिया’ला गेला. तरीही आपल्या राज्यातल्या एका छोट्या चमूचे काम जगभरच्या समीक्षकांनी त्या वर्षीच्या पहिल्या पाचांत धरले, ही गोष्ट ठाण्यात थ्रीडी मॉडेलिंगचा, म्हणजे संगणकावर त्रिमितीय वस्तू घडवण्याचा, क्लास लावलेल्या आणि घरी ‘यातून पुढे काय होणार’ हे रोज ऐकणाऱ्या मुलामुलींसाठी लहान नाही.

याहून महत्त्वाचे असे की आपल्याकडची बहुतेक मुले स्वतःचा गेम बनवत नाहीत. ती दुसऱ्याच्या गेमसाठी भिंती, झाडे, शस्त्रे, चिलखते घडवतात, चुका शोधतात, आणि गेमच्या शेवटी येणाऱ्या श्रेयनामावलीत अनेकदा फक्त कंत्राटदार कंपनीचे नाव येते. असे काम करणाऱ्या एका तरुणाने मला ती नामावली दाखवली होती. त्याच्या वर्षभराच्या कामाची तिथे एका ओळीचीही नोंद नव्हती. २०२५मध्ये ‘क्लेर ऑब्स्क्युर : एक्स्पेडिशन ३३’ने नऊ पुरस्कार मिळवले, तेव्हा फ्रान्समधल्या मोंपेलिए शहरातील सुमारे ३० जणांच्या चमूची कहाणी सर्वत्र सांगितली गेली. ती खरी आहे आणि त्या चमूला मिळालेला मान पूर्णपणे योग्य आहे. पण त्या गेममधल्या लढाईच्या हालचाली घडवण्यात दक्षिण कोरियातल्या ॲनिमेटरांचाही हात होता, आणि तो उल्लेख फार थोड्या बातम्यांत आला. ऐरोली-महापे पट्ट्यात बसून अशाच स्वरूपाचे काम करणाऱ्यांचा या सोहळ्याशी संबंध इथे येतो. सर्वोत्तम ॲनिमेशन असा स्वतंत्र विभाग तिथे आजही नाही. कलादिग्दर्शनाचा आहे, परंतु तो गेमच्या एकूण रूपासाठी दिला जातो, आणि हाताने काम करणारा माणूस त्यात दिसत नाही.

तुम्ही शेवटी सुचवले आहे की मी या सोहळ्याऐवजी इथल्या मुलांविषयी लिहावे. मला या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, म्हणून पुढचा लेख नामावलीतून गळणाऱ्या नावांविषयी लिहिणार आहे. तुमच्या ओळखीत गेमसाठी मॉडेलिंगचे किंवा चाचणीचे काम करणारे कोणी असेल, तर त्यांचा अनुभव, नाव न देण्याच्या अटीवरही, जरूर कळवावा.

आपला,
ठाण्याहून