‘गोल्ड बघा, जड बघा, जास्त वॅट घ्या’: पॉवर सप्लायबद्दलच्या एका सल्ल्याला उत्तर

कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय (भिंतीतली वीज मशीनच्या भागांना लागेल त्या व्होल्टेजची करून देणारा डबा) कसा निवडावा याबद्दलचा एक मजकूर सध्या हातोहात पुढे जातो आहे. त्याचा सारांश असा: परवडतील तेवढे जास्त वॅट घ्या, गोल्ड स्टिकर असला की टिकाऊपणाची काळजी मिटली, हातात घेऊन बघा, जड असेल तो चांगला, जपानी कपॅसिटर असतील तर आयुष्यभर बघायला नको, वॉरंटी म्हणजे नुसती जाहिरात, आणि कधी बंद पडलाच तर उघडून फ्यूज बदला, चालू होतो. यातल्या बहुतेक वाक्यांत थोडंफार तथ्य आहे, म्हणूनच ती चटकन पटतात. पण त्यांच्या भरवशावर घेतलेला सप्लाय दोन-तीन वर्षांत दगा देऊ शकतो, आणि शेवटचं वाक्य तर जिवावर बेतणारं आहे. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘जास्त वॅट म्हणजे जास्त टिकाऊ.’ डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेले वॅट सगळ्या लाइनवरचे (१२, ५, ३.३ अशा वेगवेगळ्या व्होल्टच्या आउटपुटवरचे) मिळून असतात. आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मात्र जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या लाइनवरून घेतात. त्यामुळे वाचायचा तो बाजूच्या लेबलवरचा छोटा तक्ता. समजा ५०० वॅट म्हणून विकल्या जाणाऱ्या सप्लायच्या तक्त्यात १२ व्होल्टखाली १८ अँपिअर लिहिलेत. बारा गुणिले अठरा, २१६ वॅट. आपल्या कामाचे तेवढेच. बाकीचे बरेचसे ३.३ आणि ५ व्होल्टच्या लाइनवर दाखवलेले असतात, जिथे आताच्या मशीनला फारसं काही लागतच नाही. चांगल्या बांधणीच्या सप्लायमध्ये १२ व्होल्टचे वॅट एकूण वॅटच्या जवळपास असतात, कारण तिथे आधी सगळी वीज १२ व्होल्टमध्ये येते आणि ३.३ व ५ व्होल्ट तिच्यातूनच डीसी-टू-डीसी सर्किट लावून काढले जातात.

आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा: हे वॅट किती तापमानाला आणि किती वेळ? क्षणभर मिळणारे ‘पीक’ वॅट वेगळे आणि तासन् तास मिळणारे वेगळे. २५ अंश सेल्सिअसला ६५० वॅट देणारा सप्लाय ४५-५० अंशांना तेवढे देईलच असं नाही, आणि कॅबिनेटच्या आतली हवा खोलीपेक्षा गरमच असते. जो उत्पादक ‘५० अंशांना सतत’ असं स्पष्ट छापतो, त्याने आपल्या मालाबद्दल काहीतरी ठोस कबूल केलेलं असतं.

मोठा सप्लाय घेतला की वीजबिल वाढतं, ही उलट बाजूची भीतीही खरी नाही. सप्लाय मशीन मागेल तेवढीच वीज देतो. पण मशीन पूर्ण ताणावर ३०० वॅट घेत असेल तर ५५० ते ६५० वॅटचा उत्तम सप्लाय पुरतो. हजार वॅटचा सामान्य सप्लाय घेण्यापेक्षा तेच पैसे बांधणीवर घालावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘गोल्ड म्हणजे टिकाऊ.’ गोल्ड, ब्राँझ ही ८० प्लस या योजनेची मानांकनं. ही योजना २००४ साली सुरू झाली ती विजेची बचत व्हावी म्हणून. तिच्यात मुख्यतः एकच गोष्ट मोजली जाते: भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती टक्के मशीनपर्यंत पोचली. ११५ व्होल्टच्या चाचणीत निम्म्या लोडवर ब्राँझला ८५ टक्के आणि गोल्डला ९० टक्के गाठावे लागतात. ही चाचणी होते साधारण २३ अंशांच्या खोलीत. कपॅसिटर कोणते, पंख्याचं बेअरिंग कसलं, शॉर्टसर्किट झालं तर सप्लाय वेळेत बंद होतो का, १२ व्होल्टच्या लाइनवर रिपल (व्होल्टेजमधली सतत चालणारी बारीक थरथर) किती, यातलं काहीही त्या स्टिकरवरून कळत नाही. कॉम्प्युटरच्या सप्लायसाठी असलेल्या एटीएक्सच्या मानकात १२ व्होल्टवर १२० मिलिव्होल्टपर्यंतच रिपल चालतो. एखादा गोल्ड सप्लाय २० मिलिव्होल्टवर असू शकतो आणि दुसरा मर्यादेच्या काठावर.

यात खरं काय, तेही सांगायला हवं. कार्यक्षमता जास्त म्हणजे आत उष्णता कमी. मशीनला ३०० वॅट देताना ८५ टक्केवाला सप्लाय सुमारे ५३ वॅटची उष्णता स्वतःच्या पोटात तयार करतो, ९० टक्केवाला सुमारे ३३. हा फरक लहान नाही, आणि पुढचा मुद्दा वाचल्यावर तो किती महत्त्वाचा ते लक्षात येईल. पण त्या ३३ वॅटना बाहेर काढणारा पंखाच हलका असेल तर गोल्डचा काय उपयोग?

‘जपानी कपॅसिटर असले की झालं.’ सप्लायच्या आत वीज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणारे इलेक्ट्रोलाइटिक कपॅसिटर असतात, ॲल्युमिनियमच्या लहान-मोठ्या नळकांड्यांसारखे, आत द्रव इलेक्ट्रोलाइट. उष्णतेने तो द्रव हळूहळू उडून जातो, कपॅसिटरचा आतला रोध वाढतो, रिपल वाढतो, आणि एक दिवस गेम किंवा रेंडरिंग चालू असताना मशीन आपोआप रीस्टार्ट व्हायला लागतं. सप्लायचं म्हातारपण बहुतेक वेळा असंच येतं.

कपॅसिटरच्या अंगावर १०५ किंवा ८५ अंश असं छापलेलं असतं, आणि त्याच्या माहितीपत्रकात त्या तापमानाला किती तास टिकेल ते दिलेलं असतं. सर्वसाधारण नियम असा की तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं. आता हिशोब करून बघा. १०५ अंशांना २,००० तासांचा कपॅसिटर ६५ अंशांवर चालला तर ३२,००० तास, म्हणजे सतत चालू ठेवल्यास साडेतीन वर्षांपेक्षा थोडं जास्त. त्याच जागी ५,००० तासांचा लावला तर ८०,००० तास, नऊ वर्षं. आणि तोच २,००० तासांचा कपॅसिटर ५५ अंशांवर ठेवला तर ६४,००० तास, सात वर्षांच्या वर. म्हणजे देश कोणता यापेक्षा मालिका कोणती, किती तासांची आणि ती किती तापते, यावर सगळं ठरतं. जपानी कंपन्यांकडे २,००० तासांच्या मालिकाही आहेत आणि १०,००० तासांच्याही. २००० नंतरच्या काही वर्षांत निचिकॉन या नामवंत जपानी कंपनीच्या एचएम आणि एचएन मालिकांमधले कपॅसिटरसुद्धा मदरबोर्डांवर फुगून निकामी झाले होते. खोक्यावरच्या ‘जपानी कपॅसिटर’ या शब्दांचा अर्थ कधी कधी फक्त मुख्य मोठा कपॅसिटर जपानी, एवढाच असतो. आउटपुटच्या बाजूचे लहान कपॅसिटर कोणतेही असू शकतात.

एक जागा तर फारसं कुणी बघतच नाही. कॉम्प्युटर बंद केला तरी मागचं बटण चालू असेल तर सप्लायमधलं ५ व्होल्ट स्टँडबायचं छोटं सर्किट अखंड चालू राहतं. त्याचे कपॅसिटर रात्रंदिवस झिजतात. सकाळी बटण दाबल्यावर मशीन पहिल्या फटक्यात उठत नसेल, तर इथेही संशय घ्यावा.

पंख्याबद्दल त्या मजकुरात अवाक्षर नाही, आणि सप्लायमधला झिजणारा यांत्रिक भाग म्हणजे तोच. साधं स्लीव्ह बेअरिंग उष्णतेत लवकर कोरडं पडतं. बॉल बेअरिंग किंवा फ्लुइड डायनॅमिक बेअरिंग बरंच जास्त टिकतं. कमी लोडवर पंखा बंद ठेवणारे सप्लाय शांत असतात, बेअरिंगही कमी झिजतं, पण तेवढा वेळ कपॅसिटर जास्त तापतात. गरम खोलीत मी हा पर्याय बटणाने बंद करता येणाराच सप्लाय निवडेन.

‘जड तो चांगला.’ जुन्या पद्धतीच्या पॅसिव्ह पीएफसीत (पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या सर्किटात) लोखंड-तांब्याची भलीमोठी कॉइल असायची, तिचंच वजन भरायचं. व्होल्टेज बदलणारी नवी एलएलसी पद्धतीची सर्किटं लहान आणि हलकी असून जास्त कार्यक्षम आहेत. वजनासाठी आत निरुपयोगी लोखंड ठेवलेले स्वस्त सप्लायही सापडले आहेत. हा निकष सोडून द्या.

‘वॉरंटी म्हणजे जाहिरात.’ इथे तो मजकूर अगदी उलटं सांगतो. सात किंवा दहा वर्षांची वॉरंटी देणाऱ्या कंपनीला परत आलेला प्रत्येक सप्लाय पदरचे पैसे घालून बदलून द्यावा लागतो. आतले कपॅसिटर तीन वर्षांचे असतील तर ती दहा वर्षं लिहून देणार नाही. उघडल्याशिवाय आत काय आहे याचा अंदाज बांधायला ग्राहकाच्या हातात याहून चांगली खूण नाही. मात्र ती त्या मॉडेलची बघा, ब्रँडची नव्हे. सीसॉनिक किंवा सीडब्ल्यूटीसारखे कारखाने अनेक ब्रँडना सप्लाय बनवून देतात, आणि एकाच ब्रँडची दोन मॉडेलं दोन वेगळ्या कारखान्यांतून येतात. त्याच मॉडेलची उघडून, रिपल मोजून केलेली परीक्षणं मिळाली तर ती खोक्यावरच्या मजकुरापेक्षा कितीतरी मोलाची.

‘बंद पडला तर फ्यूज बदला.’ हे कृपा करून कुणी करू नका, आणि कुणाला पुढेही पाठवू नका. ॲक्टिव्ह पीएफसी असलेल्या सप्लायमधला मुख्य कपॅसिटर ३८० ते ४०० व्होल्ट डीसीवर भरलेला असतो. प्लग काढल्यावरही त्यात चार्ज उरू शकतो, आणि सप्लाय बिघडलेला असेल तर तो आपोआप उतरेलच याची खात्री नसते. शिवाय आतला फ्यूज सहसा उगाच उडत नाही. त्याच्या पुढचा मॉसफेट (वीज झपाट्याने चालू-बंद करणारा स्विच) किंवा ब्रिज रेक्टिफायर (एसीची डीसी करणारा भाग) शॉर्ट झाला म्हणून उडतो. नवा फ्यूज घातला की तोही उडणार. आधी मागचं बटण, केबल आणि सॉकेट तपासा, मग चांगला चालणारा दुसरा सप्लाय लावून बघा. मशीन उठलं तर जुना वॉरंटीत द्या किंवा जाणकार तंत्रज्ञाकडे सोपवा. दुसरा सप्लाय लावताना मात्र पहिल्याच्या मॉड्युलर (सप्लायपासून सुट्या होणाऱ्या) केबल जागच्या जागी ठेवू नका, सगळ्या काढा. सप्लायच्या बाजूच्या पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची, कधी कधी प्रत्येक मालिकेचीही वेगळी असते. सॉकेटमध्ये केबल नीट बसते आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन हार्ड डिस्क जळते.