आईचं ताट आधी वाढा

तीन वर्षांपूर्वीच्या महालक्ष्म्या. आमच्याकडे लातूरला दुसऱ्या दिवशी पहाटे चारपासून स्वयंपाकघर जागं असतं. पुरण, कटाची आमटी, आंबील, सोळा भाज्या, फुलोरा. आई सोवळ्यात. सकाळी आठ वाजता तिनं रोजच्यासारखं मधुमेहाचं इन्सुलिन घेतलं, २२ युनिट. त्यावर चहा आणि दोन बिस्किटं, कारण नैवेद्य दाखवल्याशिवाय ती जेवत नाही. नैवेद्य एक वाजता व्हायचा होता. पाहुणे उशिरा आले, सवाष्ण उशिरा आली, आरती लांबली. पावणेतीन वाजले.

पंगत बसली आणि आई वाढायला उभी राहिली. एकाच पानात तिनं दोनदा आमटी वाढली. पळी कुठे ठेवली म्हणून वहिनीवर कडाडली. मग हातात पातेलं घेऊन नुसतीच उभी राहिली. मी म्हणालो, "आई, आजच्या दिवशी तरी चिडू नकोस." हे वाक्य मी माझ्या तोंडानं बोललोय, आणि ते अजून माझ्या कानात आहे. बायकोनं तिचा हात धरला तेव्हा तो गार पडला होता, पाठ घामानं भिजली होती. रक्तातली साखर मोजायच्या मशीनवर आकडा आला ४६, म्हणजे साखर फार खाली गेली होती.

तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांनी ७८. मग तिला जेवायला बसवलं. त्या वेळी ती शुद्धीवर होती, गिळू शकत होती, म्हणून हे निभावलं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी, साखर, काहीही घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. थेट दवाखाना गाठायचा.

आईला मधुमेह होऊन तेव्हा चौदा वर्षं झाली होती आणि इन्सुलिन सुरू होऊन चार. त्या चार वर्षांत आम्ही घरातल्या सगळ्यांनी तिला एकच प्रश्न विचारला होता: "काय खाल्लंस?" आंबा किती खाल्लास, पेढा कुणी दिला, भात परत का घेतलास. "जेवलीस का?" हे मात्र कुणीच कधी विचारलं नाही.

आई घेते ते ३०/७० म्हणतात ते मिश्र इन्सुलिन. त्यातला तीस टक्के भाग अर्ध्या तासात काम सुरू करतो, म्हणून ते नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायचं असतं. उरलेला सत्तर टक्के भाग सावकाश चढतो आणि त्याचा जोर दुपारी असतो. म्हणजे सुई सकाळी आठची असली तरी दुपारचं जेवणही तिला बांधलेलं असतं. पोटात अन्न असो वा नसो, औषध आपलं काम करत राहतं. हे आम्हाला दवाखान्यात सांगितलं असेलही, पण आम्ही ऐकलं ते फक्त "गोड बंद".

आणि आपल्या घरांमध्ये सगळ्यात शेवटी कोण जेवतं? पाहुणे, मग पुरुष, मग मुलं, मग आवराआवर, मग ती. इन्सुलिन घेणाऱ्या बाईसाठी ही रीत सरळसरळ धोक्याची आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातल्या मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर निघाली. त्यातल्या किती जणी आज दुपारी वाढप्याची भूमिका करत उपाशी उभ्या असतील, हा विचार मला स्वस्थ बसू देत नाही.

दुसरी गोष्ट सांगताना मला लाज वाटते, पण सांगतो. आई एका वहीत रोजचे आकडे लिहायची. १२८, १३५, १३०. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही रक्ततपासणी मात्र नऊच्या वर, म्हणजे बरीच जास्त आली. मी मशीनची मेमरी उघडून बघितली तर तिथे २४०, २६५, २१८. मी वही घेऊन तावातावानं तिच्यासमोर गेलो. ती पदरानं ओटा पुसत होती. म्हणाली, "खरं लिहिलं की तू ओरडतोस रे." बस, एवढंच.

मधुमेह असलेल्या माणसाला घरचे रागावले की त्याचं खाणं थांबत नाही, सांगणं थांबतं. मग पेढ्याचा कागद उशीच्या अभ्र्यात जातो आणि खोटा आकडा वहीत. त्या आकड्यावर डॉक्टर डोस ठरवणार असतात, म्हणजे आपण ओरडून डॉक्टरांचंही काम बिघडवतो.

त्या दिवसापासून मी एक केलं. आकडा काहीही असो, तो बघून बोलायचं नाही. "काल रात्री काय झालं होतं?" एवढंच विचारायचं, तेही दुसऱ्या दिवशी. रात्री उशिरा जेवण, पाय दुखला म्हणून चुकलेलं चालणं, सर्दी-ताप, नाहीतर एकाच जागी सुई टोचून पडलेली गाठ, कारण काहीही असू शकतं. आईच्या बेंबीच्या उजव्या बाजूला अशी गाठ होती. तिथे दुखत नाही म्हणून ती तिथेच टोचायची, आणि गाठीतून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. चार वर्षांत आम्ही कुणी तिच्यापाशी बसून ती सुई कशी घेते हे बघितलंच नव्हतं.

बघायला लागल्यावर आणखी एक गोष्ट हाती लागली. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक एका मिलिलिटरला ४० युनिटचं येतं आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. १०० युनिटच्या इन्सुलिनची सिरिंज केशरी टोपणाची. एकदा औषधाच्या दुकानातून केशरी टोपणाची आली. ती वापरली असती तर रोज निम्म्याहून कमी औषध पोटात गेलं असतं. उलटी चूक तर फार वाईट, कारण १०० च्या बाटलीतून ४० च्या सिरिंजनं भरलं तर अडीचपट जातं. आता बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा मी स्वतः जुळवून घेतो. दुधासारखं दिसणारं मिश्र इन्सुलिन घेण्याआधी दोन्ही तळव्यांमध्ये हळुवार फिरवायचं, खळाखळा हलवायचं नाही, हे माझ्या नऊ वर्षांच्या मुलीलाही येतं. आजीची बाटली फिरवून देणं हे तिचं काम आहे.

वेगळं ताट मात्र आम्ही बंद केलं. सगळ्यांना पुरणपोळी आणि आईला उकडलेला दोडका, हे जिनं पहाटे उठून पुरण वाटलं तिच्यासमोर करू नये. आता सगळ्यांच्याच ताटात भाजी जास्त, वरण घट्ट, एक भाकरी आणि भात थोडा. ज्वारीची भाकरी मधुमेहाला "चालते" म्हणून चार खाल्ल्या तर शुगर वाढणारच, तेव्हा मोजून सगळेच खातो. सणाला तिला अर्धी पुरणपोळी, त्या दिवशी भात आणि कुरडई नाही. एकादशीला साबुदाण्याची खिचडी आमच्याकडे आता होत नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, आणि दिवसभर दुसरं काही खायचं नाही म्हणून माणूस ताटभर खातो. दाणे, दही, काकडी, राजगिऱ्याची छोटी भाकरी असं चालतं. उपवासाच्या दिवशीचा डोस डॉक्टरांना आधी विचारून ठरतो, घरच्या घरी नाही.

नैवेद्याचा प्रश्न सगळ्यात अवघड होता. आई ऐकेना. "देवीच्या आधी मी कशी जेवू?" आम्ही तिला विज्ञान सांगत होतो आणि तिला ते कळत नव्हतं असंही नाही. शेवटी ऐंशी वर्षांच्या आत्यानं सोडवलं. ती म्हणाली, "अगं, देवीच्या दिवशी सवाष्णीला जेवू घालायचं असतं ना? मग घरची सवाष्ण उपाशी कशी चालते?" आई गप्प बसली.

तेव्हापासून नैवेद्य साडेबाराला, पाहुणे आले असोत वा नसोत. सकाळी सुईनंतर दूध आणि राजगिऱ्याची खीर बिनसाखरेची, अकराच्या सुमारास एक फळ, हे सगळं उपवासाचंच. त्या दिवसाचा डोस आठवडाभर आधी डॉक्टरांकडून ठरवून घेतो. पहिलं ताट देवीचं, दुसरं आईचं, आणि ती बसल्यावर मग पंगत. वाढायला मी आणि भाऊ. पहिल्या वर्षी पानावर बसलेल्या एका काकांनी विचारलं, "वहिनी आधी बसल्या?" अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "हो. तिचं औषध आहे." त्यानंतर कुणी विचारलं नाही.

गेल्या वर्षी संध्याकाळी मी तिची वही सहज उघडली. महालक्ष्म्यांच्या तारखेपुढे तिच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: "दुपारी जेवणानंतर २१२. पुरणपोळी एक पूर्ण खाल्ली."