कुरण, फास आणि कंटाळा : ‘डल’वरच्या प्रतिसादाला उत्तर

नमस्कार. तुमचा प्रतिसाद सविस्तर आहे, म्हणून लेखाखाली दोन ओळी टाकण्याऐवजी हे वेगळं लिहितोय.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्कॉटलंडच्या पर्थशायरमध्ये, ॲबरफेल्डीच्या पश्चिमेला पाच-सहा किलोमीटरवर, टे नदीच्या खोऱ्यात डल नावाचं गाव आहे. वस्ती शंभराच्याही आत. नाव इंग्रजीत वाचलं की कंटाळवाणं. मी लिहिलं होतं की त्याचा मूळ अर्थ नदीकाठचं कुरण असावा. त्यावर तुमचे आक्षेप तीन. तिथले लोक पिढ्यानपिढ्या सांगत आले ती संताची कथा मी एका वाक्यात उडवली; अमेरिकेतल्या ‘बोरिंग’ गावाच्या विनोदाला मात्र दोन परिच्छेद दिले; आणि या सगळ्याचं मराठी वाचकाला काय देणंघेणं? (काश्मीरच्या डल सरोवराशी संबंध आहे का, हेही तुम्ही जाता जाता विचारलंय. नाही.)

आधी कथा, या वेळी नीट सांगतो. आयोना बेटावरच्या मठाचा नववा मठाधिपती ॲडम्नान. कोलंबा या संताचं चरित्र लिहिणारा तो हाच. नेस नदीतल्या अक्राळविक्राळ प्राण्याची गोष्ट त्यातच आहे, म्हणजे पुढे जगभर गाजलेल्या लॉक नेसच्या राक्षसाचा आद्य उल्लेख या माणसाच्या नावावर जमा. तिथल्या गेलिक भाषेत त्याला एओनान म्हणतात. डलच्या पश्चिमेला ग्लेन लायन नावाची लांबलचक दरी आहे. तिथे त्याने गिरणी बांधली, प्लेगची साथ थोपवली, अशा कथा आहेत. मरताना त्याने शिष्यांना सांगितलं, माझी तिरडी दरीतून खाली न्या आणि जिथे तिच्या वेताच्या फासांतला पहिला फास तुटेल तिथे मला पुरा. फास तुटला तो डलपाशी. फासाला गेलिक भाषेत ‘दुल’ म्हणतात, म्हणून गावाचं नाव ते पडलं.

कथा सुंदर आहे, वाद नाही. पण ॲडम्नान वारला 704 साली, आणि आयर्लंडच्या इतिवृत्तांत 727 साली त्याच्या अस्थी आयर्लंडला नेल्याची नोंद आहे. डलला पुरलेल्या माणसाच्या बाबतीत हे जुळवणं अवघड जातं. बरं, तेही बाजूला ठेवू. नदीकाठची सुपीक जमीन, कसणारी माणसं, जवळपास वस्ती, आणि एक तिरडी येऊन थांबेपर्यंत त्या जागेला कुणी नावच ठेवलं नव्हतं? हे मला पटत नाही.

आता कुरण कुठून आलं. त्या भागात गेलिक रुजण्याआधी पिक्ट लोकांची भाषा होती. ती पार मेली. तिची पुस्तकं नाहीत, उरली ती मुख्यतः गावांची, डोंगरांची, ओढ्यांची नावं. तिचं नातं आजच्या वेल्शशी. शेजारचं ॲबरफेल्डीच घ्या. ‘ॲबर’ म्हणजे ओढा जिथे नदीला मिळतो ती जागा. वेल्शमध्येही हाच शब्द आहे. गेलिकमध्ये त्याच जागेला ‘इन्व्हर’ म्हणतात, म्हणून नेस नदीच्या मुखाशी इन्व्हरनेस. (ॲबरफेल्डीतला ‘फेल्डी’ हा पेल्ली नावाचा एक केसाळ जलपिशाच. तोही एक स्वतंत्र लेख होईल.) याच घराण्यातला दुसरा शब्द ‘डोल’. वेल्शमध्ये आजही त्याचा अर्थ नदीकाठचं सपाट गवताळ रान. गेलिकने तो उचलून ‘दाल’ केला, आणि स्कॉटलंडच्या नकाशावर ‘डॅल’ने सुरू होणाऱ्या नावांची जी रांग दिसते तिच्यातली कितीतरी त्यातूनच आली. एडिंबराजवळचं डॅलकीथ म्हणजे झाडीचं कुरण.

डलची जागा पाहिली तर हा अर्थ अगदी फिट्ट बसतो. गाव खोऱ्याच्या उत्तर कडेला, डोंगराच्या पायथ्याशी जरा उंचावर आहे. समोर टे नदीपर्यंत सपाट तळ पसरलेला. थोडं वर लायन नदी टेला येऊन मिळते. टे ही स्कॉटलंडची सगळ्यात लांब नदी, सुमारे 190 किलोमीटर, आणि पुराचं पाणी अशा सपाटीवर पसरून गाळ टाकून जातं. कृष्णाकाठी जिला मळीची जमीन म्हणतात, तसलीच ही. तिच्या कडेला राहणारे लोक गावाला दुसरं काय म्हणतील?

म्हणजे संताची कथा टाकाऊ का? मुळीच नाही. मी फक्त एवढंच म्हणतोय की कथेतून नाव निघालेलं नाही, नावातून कथा निघाली आहे. आपल्याकडच्या क्षेत्रमाहात्म्यांत हे पानोपानी घडतं, तुम्हाला ते नवीन नसावं. पिक्टिश भाषा गेली, गेलिक बोलणारे लोक त्या नावासोबत राहू लागले. कुरण हा अर्थ हरवलेला, कानावर पडतं ते ‘दुल’, आणि त्यांच्या भाषेत दुल म्हणजे फास. मग फास कुठून आला हे सांगायला गोष्ट हवीच. ती रचणाऱ्यांनी हवेतून काही काढलं नाही. डलला फार जुना मठ खरोखर होता. तिथलं चर्च ॲडम्नानच्याच नावाचं. त्या खोऱ्याला ॲपिन म्हणतात, ते मठाच्या जमिनीसाठीच्या गेलिक शब्दावरून. आश्रयाला येणाऱ्याला अभय देणाऱ्या मठाच्या हद्दीवर दगडी क्रूस असत; त्यांतला एक अजून गावात उभा आहे आणि दोन जवळच्या वीमच्या जुन्या चर्चमध्ये ठेवलेत. मठ खरा, संताची भक्ती खरी. नावाची व्युत्पत्ती तेवढी मागाहून जोडलेली.

तुमचा दुसरा आक्षेप मला म्हणूनच विचित्र वाटला. गेलिक माणसाने जे केलं तेच इंग्रजी माणसाने केलं. त्याच्या भाषेत ‘डल’ म्हणजे कंटाळवाणं, त्यानेही गोष्ट शोधली. 2012 मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातल्या बोरिंग गावाशी जोडी जमवली. रीतसर जुळी गावं होता येईना, कारण इकडे ऐंशी माणसं आणि तिकडे आठेक हजार. तेव्हा नुसती ‘जोडी’ म्हणून पाटी लागली. 2013 मध्ये ऑरेगनच्या विधिमंडळाने 9 ऑगस्ट हा दिवस दोघांच्या नावाने जाहीर करून टाकला. बोरिंग हे तरी कुठे कंटाळ्यावरून आलंय? विल्यम बोरिंग या शेतकऱ्याचं ते आडनाव, यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढलेला गडी. फासाची गोष्ट वंदनीय आणि पाटीची गोष्ट उथळ, अशी वर्गवारी मी करणार नाही. पहिलीला वय आहे आणि दुसरीला अजून नाही, एवढाच मला दिसलेला फरक.

राहिला मराठी वाचक. जोडीची पुढे तिकडी झाली. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समधला ब्लँड हा तालुक्यासारखा भाग त्यात आला. इंग्रजीत ब्लँड म्हणजे बेचव, अळणी. हेही आडनावच, विल्यम ब्लँडचं, आणि इतका अळणी नसलेला माणूस शोधून सापडायचा नाही. ब्रिटिश आरमारातला हा शल्यवैद्य 1813 मध्ये मुंबईला होता. जहाजावरच्या एका सहकाऱ्याशी वाजलं, प्रकरण पिस्तुलांच्या द्वंद्वावर गेलं आणि सहकारी मेला. मुंबईतच खटला चालला, खुनाचा दोष शाबीत झाला आणि सात वर्षं हद्दपारीची शिक्षा होऊन हा सिडनीला पोचला. तिथे लवकरच माफी मिळाली, दवाखाना जोरात चालला. मग गव्हर्नर मॅक्वारीची टिंगल करणाऱ्या कविता लिहिल्या म्हणून 1818 मध्ये पुन्हा वर्षभर तुरुंग. 1843 मध्ये हाच गृहस्थ विधान परिषदेवर निवडून गेला आणि 1851 मध्ये वाफेच्या इंजिनावर चालणाऱ्या, फुग्याच्या आधाराने उडणाऱ्या वायुजहाजाचा आराखडा घेऊन बसला.

डलच्या लेखात हा मावला नाही, म्हणून वगळला होता. मुंबईतल्या त्या खटल्यावर स्वतंत्र लिहायचं मनात आहे. त्या काळच्या मुंबईच्या न्यायालयाबद्दल मराठीत काही वाचनात आलं असेल तर जरूर कळवा.